आपला तो बाब्या, काळ्या पाटीचं ते कार्टं

खाजेवाला
मंडळी, एक प्रश्न आहे, पण आधी कबुलीजबाब.

गेली आठ वर्षं रोज फोंडा-पणजी करतो. बाणस्तारीच्या अलीकडे काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडी, म्हणजे आपली रेंट-अ-कार, मधेच थांबली की माझ्या तोंडून जे निघतं ते इथे लिहिलं तर संपादक धागा उडवतील. 'हे पर्यटक असेच, शिस्त नाही, लाज नाही, स्वतःच्या गावात असं करतील काय' वगैरे वगैरे. त्याच जागी जीए-०५ ची, म्हणजे आपल्या फोंड्याची, पांढरी पाटी थांबली तर मी म्हणतो, 'काहीतरी अडलं असेल बिचाऱ्याचं.'

गेल्या महिन्यात माझी गाडी गॅरेजात पडली. मेहुण्याचा भाड्याच्या गाड्यांचा धंदा, त्याने चार दिवसांसाठी एक दिली. काळी पाटी. पहिल्याच दिवशी पणजीच्या '१८ जून' नावाच्या रस्त्यावर आईची औषधं घ्यायला डबल पार्क केली. दोनच मिनिटं. परत आलो तर मागचा स्कूटरवाला अस्सल कोकणीत माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, ह्याला काय कळणार अशा खात्रीने. मी सांगणार होतो की बाबा, मी फोंड्याचा, औषधं आणायला गेलो होतो. तोंड उघडलं आणि मिटलं. आठ वर्षांत एका तरी काळ्या पाटीवाल्याची आई आजारी असेल असं मला वाटलं होतं का?

ह्याला मानसशास्त्रात काहीतरी नाव आहे म्हणे. माझा प्रश्न वेगळा आहे. असली नावं कळल्याने माणसाच्या वागण्यात फरक पडतो का? की नुसतं दुसऱ्याला ऐकवायला नवं हत्यार मिळतं? आपापले किस्से टाका.

भोपळा_१५
पहिला मी! पॉपकॉर्न नाही, चण्याची पुडी घेऊन बसलोय.

मेंदूमार्ग
नाव आहे 'फंडामेंटल ॲट्रिब्युशन एरर'. ली रॉस यांनी १९७७ मध्ये ठेवलं. दुसऱ्याची चूक दिसली की आपण ती त्याच्या स्वभावात शोधतो, त्याच्या अडचणीत नाही.

ह्यातला मला आवडणारा प्रयोग १९६७ चा, जोन्स आणि हॅरिस यांचा. लोकांना क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रोवरचे निबंध वाचायला दिले, काही बाजूने, काही विरोधात. आणि स्पष्ट सांगितलं की लिहिणाऱ्याला बाजू निवडायला दिली नव्हती, सांगितलं तसं त्याने लिहिलं. तरी वाचणाऱ्यांना वाटलंच की बाजूने लिहिणारा मनातून थोडा कॅस्ट्रोवालाच असणार. परिस्थिती कानात सांगितली तरी डोळ्यांना माणूसच दिसतो. तुम्हाला तर कुणी कानातही सांगितलं नव्हतं, तेव्हा इतकं वाईट वाटून घेऊ नका.

फटकळ
अमेरिकेत डॉलर खर्चून हे शोधलं? आमची आजी फुकटात सांगायची, आपला तो बाब्या नि दुसऱ्याचं ते कार्टं. धागा बंद करा.

ताराबाय_म्हापसा
फटकळबाब, आजीने सांगितलं आणि तुम्ही ऐकलं, असं झालं काय? मग धाग्याची गरज आहे. :)

माझा किस्सा बाजारातला. परवा इसवण (सुरमई) घ्यायला गेले. नुस्तेकान्न, म्हणजे मासळीवाली, म्हणाली, "आठशे." मी म्हटलं, "कितें गे बाय, सोनं विकतेस काय?" ओढत ओढत सहाशेवर आणलं आणि विजयी वीरासारखी घरी आले. नवऱ्याने पिशवीत डोकावून विचारलं, "एवढ्याशा तुकड्याला सहाशे?" तेव्हा डोक्यात उजेड पडला. ती पहिल्यांदा पाचशे म्हणाली असती तर मी साडेतीनशेच्या वर गेले नसते. मासा तोच, माझे डोळेही तेच. तिच्या पहिल्या आकड्याला मी खुंटीला म्हैस बांधावी तशी बांधले गेले.

मेंदूमार्ग
अगदी. ह्याला अँकरिंग म्हणतात, नांगर टाकणं. १९७४ मध्ये त्वर्स्की आणि काहनेमन यांनी एक चाक फिरवलं, ० ते १०० आकड्यांचं, पण ते मुद्दाम १० वर नाहीतर ६५ वरच थांबेल असं केलेलं. मग विचारलं की संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? ज्यांना १० दिसला त्यांचा मधला अंदाज २५, ज्यांना ६५ दिसला त्यांचा ४५. चाकाचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नाही. तुमच्या नुस्तेकान्नीचा आणि इसवणीचा निदान थोडा तरी आहे.

केरीचा_वारा
मला हे पटत नाही. ताराबाय, ती बाई तुम्हाला आठशे म्हणाली कारण शनिवार होता, दर्यावर वारा होता आणि माल कमी होता. जूनजुलैत बंदी असते तेव्हा तीच बाई खारे बांगडे पुढ्यात घेऊन दिवसभर बसते, तो खर्च कुठून निघणार? माझी मावशी चाळीस वर्षं मासळी विकत होती. ती सांगायची, "घासाघीस केली नाही तर गिऱ्हाईकाला जेवण गोड लागत नाही, म्हणून वरचे दोनशे मी त्यांच्यासाठीच ठेवते." म्हणजे बघा, कोण कोणाचं मानसशास्त्र शिकलंय.

ताराबाय_म्हापसा
वाऱ्याबाब, मावशीला साष्टांग. वरचे दोनशे माझ्यासाठी होते हे वाचून आता राग करू की आभार मानू तेच कळेना.

सांज
वाचनमात्र होते, पण आज लिहितेच.

आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी नाटक असतं. सोळा वर्षांपूर्वी मला पहिल्यांदा काम मिळालं, ऐतिहासिक नाटक, मी राणीची दासी. वाक्यं सगळी सहा. चौथ्या वाक्याला मी आत आले, हातात तबक, आणि डोकं कोरं. विंगेतून प्रॉम्प्टर ओरडतोय, पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही ऐकू जातंय, मला नाही. शेवटी राणीनेच माझं वाक्य स्वतः म्हटलं आणि मला "जा आता" म्हणून सांगितलं. मी तबक घेऊन चुकीच्या विंगेत गेले, तिथे शत्रूचं सैन्य विडी ओढत बसलेलं.

त्यानंतर तीन वर्षं मी जत्रेला जायचं टाळलं. देवळाबाहेर खाज्यांच्या दुकानापाशी कोणी हसलं की वाटायचं, माझ्यावरच. यंदा धीर करून त्या राणीलाच विचारलं, "तुला आठवतं गे?" ती म्हणाली, "तू होतीस त्या नाटकात? मला वाटलं तू प्रेक्षकांत." तिला त्या रात्रीचं एकच आठवत होतं, तिचा मुकुट एका बाजूला कलला होता आणि सगळं गाव त्याकडेच बघत होतं.

मुकुट कलला होता? मला तर दिसलाच नव्हता.

भोपळा_१५
सांजबाय, शत्रूचं सैन्य विडी ओढत बसलेलं... खुर्चीतून पडलो.

मेंदूमार्ग
ह्याचंही नाव आहे हो, पण सांजने इतकं छान लिहिलंय की सांगायला लाज वाटते. स्पॉटलाइट इफेक्ट. २००० साली कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगात एकेका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो ह्या गायकाचं तोंड छापलेला टीशर्ट घालून वर्गात पाठवलं. त्या वयात तो घालणं म्हणजे लाजच. घालणाऱ्याला वाटलं निम्म्या मुलांनी बघितलं असणार. प्रत्यक्षात साधारण पाव मुलांच्या लक्षात आलं. बाकीची बहुधा आपापला मुकुट सांभाळत होती.

फटकळ
मेंदूमार्गांना प्रत्येक किश्शाला एक प्रयोग चिकटवायचा सोस आहे. ह्या रोगाला काय नाव?

मेंदूमार्ग
पोट. मास्तरकी करतो, त्यावरच चालतं.

अनंतमूळ
वयाने तुमच्यात थोरला असेन, तेव्हा थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

१६ जानेवारी १९६७. जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हायचा की केंद्रशासित राहायचा. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. मी नऊ वर्षांचा. आमचे वडील फुलाचे कट्टर. खळीचं भांडं घेऊन रात्री पोस्टर चिकटवायला जायचे आणि मला कंदील धरायला न्यायचे. आमच्या वाड्यावर दोन पानांचं घर शोधावं लागलं असतं. निकाल लागला त्या रात्री वडील जेवले नाहीत. आईने पान वाढलं, तसंच उचललं. हे मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय.

पुढे ८७ साली घटकराज्य झालं. त्यानंतर कधीतरी पाहुणे आले असता वडील ओटीवर बसून सांगत होते, "मला तेव्हाच वाटलं होतं, गोवा वेगळाच राहणार. लोकांचा कल दिसतच होता." मी आतून ऐकत होतो. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखर तसंच आठवत होतं. उपाशी राहिलेली ती रात्र जणू दुसऱ्याच कोणाची.

आता मी ज्याला विचारावं तो सांगतो, आमचे आजोबा दोन पानांचे. चांगली गोष्ट आहे. पण फुलाला १,३८,१७० मतं पडली होती आणि दोन पानांना १,७२,१९१. ते एक लाख अडतीस हजार गेले कुठे? सगळे निपुत्रिक होते काय?

उसगावचा_नव्हे
सर, जबरदस्त. पण आमचे आजोबा खरंच दोन पानांचे होते हां.

भोपळा_१५
आमचेही.

फटकळ
आमचे फुलाचे. आणि बरोबरच होते. मराठी शाळांचं पुढे काय झालं ते...

उसगावचा_नव्हे
झालं सुरू! फटकळ, विलीन झालो असतो तर आज आपण कुठल्या तरी जिल्ह्याचा एक तालुका असतो, इतकी...

संपादक
भाषा आणि विलीनीकरण ह्यावरचे सात प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे, तो २०११ पासून चालू आहे आणि अजून कोणाचंही मत बदललेलं नाही. कृपया विषयावर या.

मेंदूमार्ग
संपादकांनी एका ओळीत दुसरा बायस, म्हणजे मनाचा एकांगी कल, सांगून टाकला.

अनंतमूळ सर, तुमच्या वडिलांच्या बाबतीत एक जवळची गोष्ट. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला जायच्या आधी फिशहॉफ आणि बेथ यांनी विद्यार्थ्यांना विचारून ठेवलं, अमुक घडण्याची शक्यता किती, तमुक घडण्याची किती. दौरा झाल्यावर त्यांनाच विचारलं, तेव्हा तुम्ही काय आकडा लिहिला होता ते आठवून सांगा. जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याची शक्यता आपण आधीच जास्त दिली होती असं त्यांना आठवलं. तुमच्या वडिलांसारखेच प्रामाणिकपणे चुकले. फक्त त्यांचे जुने कागद जपलेले होते. तुमच्या घरी कागदाच्या जागी तुम्ही होता, कंदील धरून.

अनंतमूळ
देव बरें करूं. हे वडील असताना कळलं असतं तर एक भांडण टळलं असतं.

केरीचा_वारा
मासळीवरून वाद घातला, आता स्वतःच्या अंगावरचं सांगतो.

जुलैतली रात्र. वाड्यावर माडाचं झावळं तारेवर पडलं, फट्ट आवाज, काळोख. बावीस घरं. मी खिडकीतून पाहिलं, समोरच्या घरात मेणबत्ती लागली, पलीकडे टॉर्च फिरला. म्हटलं, सगळे जागे आहेत, कोणीतरी फोन केलाच असेल. शेजारचा वायरमनचा मित्र, तो तर करणारच. साडेचार तास घामात लोळलो. पहाटे दूधवाला म्हणाला, "अरे, तुमच्याच वाड्याला लाईट नाही, पुढे आहे की." मग फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "ह्या भागातून ही पहिलीच तक्रार." अर्ध्या तासात माणसं आली, लाईट आली.

सकाळी विहिरीवर बावीस घरांचं एकच वाक्य, "मला वाटलं तुम्ही केला." वायरमनच्या मित्राला वाटलं होतं, मी त्याचा मित्र म्हणून त्याला कशाला त्रास देऊ, दुसरा कोणी करेल.

मेंदूमार्ग
फटकळबाब, माफ करा, पण हा चिकटवतोच. लाताने आणि डार्ली ह्या दोघांचा प्रयोग, १९६८. माणूस खोलीत अर्ज भरत बसलाय, भिंतीतून धूर यायला लागतो. एकटा असला तर १०० पैकी ७५ जण उठून सांगायला गेले. सोबत दोघे ठरवून गप्प बसवलेले असले की फक्त १० जण. बाकीचे धुरात डोळे चोळत अर्ज भरत राहिले. जो तो दुसऱ्याच्या शांत चेहऱ्याकडे बघतो आणि ठरवतो की काही नाही. तुमच्या वाड्यावर मेणबत्त्यांनी हेच काम केलं.

ताराबाय_म्हापसा
म्हणूनच अपघात झाला तर "कोणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा" म्हणायचं नाही. "निळ्या शर्टवाल्या भावा, तू १०८ लाव" म्हणायचं. आमच्या नर्सबाईने शिकवलंय.

उसगावचा_नव्हे
+१. हा धाग्यातला सर्वात कामाचा प्रतिसाद.

अवांतर: चवथीला आम्ही चार भाऊ मूळ घरी जमतो. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानफळांची चौकट, बांधायची. गेल्या वर्षी वहिनीने गंमत म्हणून प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहायला लावलं, माटोळीचं किती टक्के काम तू केलंस. रानात जाऊन कांगलां, माट्टुळां, घागऱ्यो आणणारा थोरला म्हणाला ७०. बांधणारा मधला, ६०. सुपाऱ्यांचे घोस आणि नारळ आणणारा तिसरा, ५०. मी शिडी धरली होती. ४० लिहिले, विनय म्हणून कमीच. बेरीज २२०. वहिनीने शांतपणे विचारलं, "आणि ह्या सगळ्यांना चार वेळा चहा कोणी दिला? त्याचे टक्के कुठल्या माटोळीत?"

भोपळा_१५
शिडी धरण्याचे ४० टक्के!!!

मेंदूमार्ग
ह्यावर नवराबायकोंवर केलेला १९७९ चा अभ्यास आहे, मायकल रॉस (वरचे ली नव्हेत) आणि सिकोली. बहुतेक घरकामांत दोघांच्या वाट्यांची बेरीज शंभराच्या वर. विशेष म्हणजे भांडण कोण उकरून काढतं ह्यातसुद्धा. त्यामुळे हा निव्वळ फुशारकीचा मामला नाही. आपलं काम आपल्याला आठवतं, दुसऱ्याचं झालेलं आपण पाहिलेलंच नसतं.

फटकळ
आता माझी पाळी. मेंदूमार्ग, इतके प्रयोग सांगितलेत, एक मी सांगतो. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. जेमतेम ३६ टक्क्यांत पुन्हा ठोस निकाल मिळाला. तुमच्या शास्त्राचंच असं असेल तर आमच्या आजीने काय घोडं मारलंय?

मेंदूमार्ग
मान्य, पूर्ण मान्य. आमच्याकडचे कितीतरी गाजलेले प्रयोग नंतर ढासळले. म्हणूनच इथे सांगताना त्यातल्या त्यात पायावर उभे असलेले निवडतोय. अँकरिंग पुन्हा पुन्हा करून पाहिलंय, टिकलंय. पण आजीची अडचण अशी की तिच्याकडे प्रत्येक म्हणीला उलटी म्हण तयार असते. 'थेंबे थेंबे तळे साचे' आणि 'दैव देतं कर्म नेतं', दोन्ही तिचंच. काहीही घडलं तरी आजी बरोबर. आमच्यावर निदान चुकायची सक्ती आहे.

फटकळ
हे मात्र आवडलं. एक चहा लागू.

सांज
बायसला नेहमी दोषच का म्हणायचं, हाही प्रश्न आहेच की. आमच्या देवळात सप्ताहाच्या शेवटी देवाला आलेल्या वस्तूंची पावणी, म्हणजे लिलाव, होते. एक नारळ. बाजारात चाळीस रुपये. बोली शंभरावरून निघते, दोघे हट्टाला पेटतात, परवाच्या वर्षी सात हजारांवर गेली. मुंबईहून आलेला माझा भाचा हिशेब मांडत बसला, पहिला आकडा, चढाओढ, इतका वेळ बोललो तर आता मागे कसा हटू, सगळे बायस एका नारळात. पण ज्याने घेतला त्या काकांना नारळ नकोच होता. देवळाच्या छपराला पैसे हवे होते, आणि नुसते पाकिटात घालून दिले असते तर गावाने टाळ्या वाजवल्या नसत्या.

केरीचा_वारा
आणि हरणारा? साडेसहा हजारांपर्यंत चढवून शेवटी बाजूला झाला तो? तो घरी सुखाने झोपला.

सांज
तो कोषाध्यक्ष होता. (गंमत नाही करत.)

ताराबाय_म्हापसा
हाहाहा, ह्याला काय नाव आहे मेंदूमार्ग?

मेंदूमार्ग
व्यवस्थापन.

अनंतमूळ
भीतीचंही एक सांगून थांबतो. ५ जुलै १९८६ ला पणजीचा मांडवी पूल कोसळला. आमची ही तेव्हापासून पूल आला की डोळे मिटून नाव घेते. जुना पूल गेला, नवे झाले, २०१९ मध्ये अटल सेतूही आला, नाव घेणं तेच. आणि हीच बाई म्हापशाला जाताना मुलाच्या मोटारसायकलवर हेल्मेटशिवाय मागे बसते, एका हातात फुलांची पुडी. रस्त्यावर माणूस मेल्याची बातमी दर दोनतीन दिवसांनी पेपरात असते, पण ती रोजची असते. पूल एकदाच पडला आणि कायमचा डोळ्यांसमोर राहिला.

उसगावचा_नव्हे
सर, हेल्मेट घेऊन द्या आधी.

अनंतमूळ
घेतलं आहे. त्यात सध्या अंडी ठेवते.

भोपळा_१५
धागाकर्ते कुठे गायब? खाजेवालाबाब, प्रश्न विचारून पळालात काय?

मेंदूमार्ग
त्यांचा मूळ प्रश्न खरंच राहिलाच, नाव कळल्याने फरक पडतो का. काहनेमन ह्याच विषयात आयुष्यभर राहिले, २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की एवढ्या अभ्यासानंतरही आपलं पटकन होणारं मत फारसं सुधारलं नाही. दुसऱ्यांच्या चुका मात्र आधीपेक्षा छान ओळखता येतात. आता बोला.

फटकळ
म्हणजे हत्यारच. खाजेवाल्याचा संशय खरा.

ताराबाय_म्हापसा
मला तर फरक पडला. ह्या शुक्रवारच्या बाजारात मी आधीच घरून ठरवून गेले, पाचशेच्या वर नाही. नुस्तेकान्न म्हणाली "नऊशे", मी म्हटलं "पाचशे, नाहीतर चालले."

केरीचा_वारा
मग?

ताराबाय_म्हापसा
मग काय, चालले. घरी भेंडीची भाजी.

खाजेवाला
पळालो नव्हतो हो, प्रयोग करत होतो. सगळं वाचलं, सगळ्यांना देव बरें करूं. सांजचं नाटक घरी मोठ्याने वाचून दाखवलं.

मी ठरवलं, एक आठवडा नोंद ठेवायची. फोंडा ते पणजी, जाता येता, ज्या ज्या गाडीला मी शिव्या घालीन तिच्या पाटीचा रंग लिहायचा. शनिवारी रात्री वही उघडायच्या आधी स्वतःला विचारलं, काळ्या किती असतील? मनाने सांगितलं, तीन चतुर्थांश तरी. वही उघडली. एकूण २३ शिव्या. काळ्या पाट्या ६. बाकी सगळे आपलेच, पांढरे, त्यातले ९ तर जीए-०५, माझ्याच आरटीओचे भाऊबंद. आणि गंमत म्हणजे त्या सहाच्या सहा गाड्या मला रंगासकट आठवत होत्या. पांढऱ्यांतली एकही नाही.

भोपळा_१५
खाजेवालाबाब, गाडी चालवता चालवता वहीत कसं लिहीत होता? हेच मोठं बेशिस्त वागणं नाही का?

खाजेवाला
मी नव्हतो लिहीत. बायको पणजीलाच नोकरीला, बाजूला बसून ती लिहायची.

ताराबाय_म्हापसा
मग वही तिच्याकडूनच मागून बघा. सगळं तुम्हाला वाचून दाखवलंय ना नक्की?

खाजेवाला
आत्ता मागितली. मागच्या पानावर तिने वेगळा रकाना आखलाय. 'चूक ह्यांची होती: ८.'

त्यातल्या दोन मला मान्य नाहीत. भोम्याला समोरचाच आत घुसला होता.